‘ॲडजस्ट करा ना, मॅडम!’

जूनचा पहिला पाऊस पडला की माझा फोन वाजायला लागतो. फॉर्म सोळा हातात पडलेला असतो, त्यात कापलेला टॅक्स बघून माणसाच्या पोटात गोळा आलेला असतो आणि मग पहिली आठवण होते ती आमची. डोंबिवलीत गेली बावीस वर्षं लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न्स भरून देते आहे. एवढ्या वर्षांत ‘मला कर चुकवायचाय’ असं सरळ सांगणारं एकही माणूस भेटलेलं नाही. शब्द वेगळे असतात. ‘जरा ॲडजस्ट करा ना, मॅडम.’ ‘काहीतरी बसवून द्या.’ ‘थोडं इकडचं तिकडे.’ आणि सगळ्यांत लाडकं वाक्य, ‘आमच्या ऑफिसातल्या अमक्याला एवढा रिफंड आला, मग आपल्याला का नाही?’

त्या ‘आपल्याला’मध्ये मीही आले बरं का! क्लायंटच्या मनात आपण दोघं एका बाजूला आणि सरकार दुसऱ्या बाजूला. नाही म्हटलं की मी एकदम सरकारच्या बाजूची होते.

ही माणसं वाईट असतात का? मुळीच नाही. दुकानदाराने दहा रुपये जास्त परत दिले तर मागे वळून देऊन येणारी असतात. मुलांना खोटं बोलू नकोस म्हणून दटावणारी असतात. पण टॅक्सचं खातं त्यांच्या मनात वेगळ्या कप्प्यात असतं. ‘रस्त्यात खड्डे आहेत, मोठेमोठे बुडवून परदेशात पळाले, मग आम्हीच का भरायचं?’ या प्रश्नावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. खड्डे मलाही दिसतात. माझ्याच ऑफिसच्या दाराशी एक आहे.

आणि खरं सांगू? ज्याला आपण चोरी म्हणतो त्यातला बराचसा भाग निव्वळ अज्ञान असतं. निवृत्त काका ठामपणे सांगतात, ‘बँकेने व्याजावर टीडीएस कापलाय ना, मग ते परत कशाला दाखवायचं?’ त्यांना खरोखरच वाटतं की दहा टक्के कापले म्हणजे विषय संपला. एखादी वहिनी सांगते, ‘ही एफडी यांनी माझ्या नावावर केलीय, त्यामुळे व्याज माझं.’ नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशांवरचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरायचं असतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. त्याला माहीत असतं, पण तो सांगत नाही! अशा वेळी समजावलं की माणसं ऐकतात. कुरकुरत का होईना, भरतात.

घरखर्चातून वाचवून डब्यात, तांदळाच्या पिंपात ठेवलेल्या पैशांचं मात्र वेगळं. २०१६ च्या नोटाबंदीत ते बायकांना बँकेत भरावे लागले आणि कितीतरी जणींची झोप उडाली. आग्र्याच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने २०२१ साली एका गृहिणीच्या बाजूने निकाल देताना, नोटाबंदीच्या काळात गृहिणींनी भरलेली अडीच लाखांपर्यंतची अशी बचत अघोषित उत्पन्न धरू नये असं सांगितलं. तो निकाल मी कितीतरी जणींना वाचून दाखवला. एकीने तर डोळे पुसले.

पण अज्ञान कुठे संपतं आणि लबाडी कुठे सुरू होते, ते टेबलाच्या या बाजूला बसलं की लगेच कळतं. समोरच्याचा आवाज जरासा खाली येतो. तो खुर्ची पुढे ओढतो.

पूर्वी आम्ही ‘सरल’ फॉर्म भरायचो तेव्हा सोबत कागद जोडायचे. एलआयसीची पावती, पीपीएफच्या पासबुकाची झेरॉक्स, भाड्याच्या पावत्या, सगळं टाचणीने टाचून. २००७ साली नवे फॉर्म आले आणि रिटर्नसोबत काहीच जोडायचं नाही असं ठरलं. सरकारने लोकांवर विश्वास टाकला होता. लोकांनी त्याचा अर्थ काढला, ‘कुणी बघत नाही.’ स्टेशनरीच्या दुकानात भाडेपावत्यांची पुस्तकं मिळतात. मार्च महिन्यात बारा पावत्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहून, रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवून तयार. एप्रिलच्या पावतीची शाई आणि पुढल्या मार्चच्या पावतीची शाई एकसारखी ओली!

मीही धुतल्या तांदळासारखी नाही, तेही सांगून टाकते. व्यवसायाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी घरातल्याच एका वडीलधाऱ्यांनी एका ट्रस्टच्या देणगीची पावती आणून दिली. देणगी चेकने गेली होती आणि थोडी कापून रोखीने परत आली होती. त्यांनीच चहा पिताना हसत हसत सांगितलं. मी नवीन होते, सासर नवीन होतं, तोंडातून ‘नाही’ निघालं नाही. वजावट लावली. पुढे काय झालं? काहीच नाही. ना नोटीस, ना चौकशी. आणि हेच वाईट झालं. पुढची कितीतरी वर्षं दर दिवाळीला फराळाच्या ताटावर ‘तेव्हा तर केलं होतंस गं’ हे ऐकून घ्यावं लागलं. त्यानंतर मी घरातल्या कुणाचंच रिटर्न भरत नाही. नवऱ्याचंसुद्धा दुसरीकडे जातं.

आता काळ बदललाय. नोव्हेंबर २०२१ पासून आयकर खात्याच्या पोर्टलवर प्रत्येकाचं वार्षिक माहितीपत्रक दिसायला लागलं, ज्याला सगळे एआयएस म्हणतात. बँकेचं व्याज, डिव्हिडंड, म्युच्युअल फंडाची विक्री, घराची खरेदी, सगळं एका जागी. काकांना मी फक्त स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दाखवते. चार बँकांतली व्याजं ओळीने उभी. ‘हे यांना कसं कळलं?’ ‘काका, तुम्हीच पॅन दिलात ना!’ बरीच भांडणं हल्ली अशी मुकाट मिटतात.

पण लबाडीही हुशार झाली. रिटर्न भरून देणाऱ्यांमध्येच एक जमात तयार झाली. ‘फी नको, रिफंड आला की त्यातले एवढे टक्के द्या.’ हे लोक तुमच्या नावावर राजकीय पक्षाला देणगी दाखवतात, नसलेला आजार दाखवतात, नसलेलं शैक्षणिक कर्ज दाखवतात. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभर दीडशे ठिकाणी अशांची तपासणी केली, त्यात महाराष्ट्रही होता. बोगस वजावटी घेणाऱ्यांमध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांतले, सरकारी खात्यांतले, शिक्षणसंस्थांतले कर्मचारी होते. म्हणजे शिकले सवरलेले. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने तेव्हा सांगितलं, की आधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी स्वतःहून रिटर्न सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले.

त्या माहितीत एक गोष्ट होती ती मला फार लागली. हे एजंट रिटर्न भरताना स्वतःच बनवलेला तात्पुरता ईमेल टाकायचे आणि नंतर तो सोडून द्यायचे. नोटीस त्या पत्त्यावर जाऊन पडायची, ज्याचं नाव आहे त्याला पत्ताच नाही! आता जरा आपल्या घरात बघा. तुमच्या नावाने रिटर्न भरलं जात असेल तर पोर्टलवर मोबाइल कुणाचा आहे? ईमेल कुणाचा? माझ्याकडच्या किती बायकांच्या फायलीत नवऱ्याचा, मुलाचा किंवा दिराचा नंबर आहे, मोजायला नको. नोकरी करणाऱ्या, चांगल्या पगाराच्या बायकासुद्धा स्वयंपाकघरातून ओरडून ओटीपी सांगतात. ‘अगं, तो सहा आकडी नंबर सांग गं!’ तो सहा आकडी नंबर म्हणजे तुमची सही असते. ‘या विवरणपत्रात लिहिलेलं सगळं खरं आणि पूर्ण आहे’ या प्रतिज्ञेखालची सही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती सांगते. ओळख कळू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत.

ऐरोलीला नोकरी करणारा एक मुलगा पाचसहा वर्षं माझ्याकडे रिटर्नसाठी यायचा. साधा, गोड बोलणारा. पगार चौदा लाखांच्या घरात. राहायचा आईच्या फ्लॅटमध्ये. वडील गेल्यावर घर आईच्या नावावर झालं होतं. २०२२ च्या जुलैमध्ये त्याचा फॉर्म सोळा बघते तर घरभाडे भत्त्याची दोन लाखांची सूट. कंपनीला त्याने भाडेपावत्या दिल्या होत्या. महिना बावीस हजार, मालक म्हणून आईचं नाव आणि आईचा पॅन.

मी विचारलं, ‘आईला खरंच देतोस का?’

तो हसला. ‘घरात देतोच की, मॅडम. किराणा, लाइट बिल, सगळं मीच बघतो.’

‘ते भाडं नाही झालं. बँकेतून देतोस?’

‘कॅश समजा ना.’

आता यात एक गंमत आहे. आईच्या घरात राहून आईला भाडं देणं आणि त्यावर सूट घेणं कायद्यात बसतं. भाडं खरंच दिलेलं मात्र हवं. मुंबईच्या न्यायाधिकरणापुढे २०१७ साली असंच एक प्रकरण गेलं होतं, मुलीने आईला भाडं दिल्याचं. करार नव्हता, पैसे रोख दिले असं म्हणणं होतं, सोसायटीला काही कळवलेलं नव्हतं. सूट नाकारली गेली. मी मुलाला हे सगळं सांगितलं. म्हटलं, ‘एक साधा करार कर, दर महिन्याला आईच्या खात्यात बावीस हजार टाक. तिचं रिटर्न मी भरते. भाड्यातून तीस टक्के वजावट मिळते, तिची फॅमिली पेन्शन आणि एफडीचं व्याज धरूनही रक्कम पाच लाखांच्या आतच राहते. तिला कर शून्य. तुझी सूटही शाबूत. गेल्या वर्षाचं मात्र सोडून दे, त्याचा कर भर.’

तो गप्प बसला. मग म्हणाला, ‘पण मग बावीस हजार खरंच द्यावे लागतील ना!’

हे वाक्य मी विसरू शकत नाही. त्याच्या मनात लोभ होता असं नाही म्हणणार मी. कारचा हप्ता होता, लग्न ठरत होतं. मी रिटर्न भरायला नकार दिला. तो नम्रपणे फाइल घेऊन गेला. त्या वर्षी अशा अकरा फायली गेल्या माझ्याकडून. कुणीतरी कोपऱ्यावरच पाचशे रुपयांत भरून देत होतं. दीड हजार फी घेऊन वर ‘नाही’ ऐकवणाऱ्या बाईकडे कोण येणार? ऑफिसचं भाडं मलाही द्यावं लागतं, आणि ते मी खरंच देते.

तीन वर्षांनी, २०२५ च्या जुलैत, एका दुपारी त्या मुलाची आई आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात पासबुकं, पेन्शनचे कागद, लाइट बिलं, सगळं कोंबलेलं. एक पत्राची प्रिंट पुढे केली. आयकर खात्याने माहिती मागवली होती. तुमच्या पॅनवर तीन वर्षं, दरवर्षी दोन लाख चौसष्ट हजार भाडं दिल्याचं दिसतंय, ते मिळालं का, आणि विवरणपत्रात का दाखवलं नाही?

‘मॅडम, हे काय आहे? माझ्या घरात भाडेकरू नाहीये हो.’

मी हळूहळू समजावलं. काकू बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मला तो महिन्याला पाच हजार देतो. भाजीला, दुधाला. बाकीचं माझ्या पेन्शनमधून.’

चहा मागवला. त्यांनी तो निवू दिला. आणि मग त्यांचाही आवाज जरासा खाली आला. खुर्ची त्यांनीही पुढे ओढली.

‘मी लिहून दिलं की हो, मिळालं मला भाडं, तर त्याचं सुटेल ना?’

बावीस वर्षांत माझ्याकडे अनेकांनी खोटं मागितलं, पण स्वतःसाठी. ही पहिलीच. आणि हिशेबाच्या दृष्टीने बघितलं तर त्यांचा एक खोटा ‘हो’ जवळजवळ फुकट होता. भाडं धरलं तरी त्यांना कर लागत नव्हता. घर त्यांचं, मुलगा त्यांचा, पावतीवर सही त्यांची (मुलानेच केलेली, पण त्या ‘माझीच’ म्हणायला तयार होत्या). मी गप्प बसले असते तर कदाचित निभावलंही असतं. कदाचित. पण पुढचा प्रश्न आला असता, पैसे गेले कुठे? पासबुकात महिन्याला बावीस हजार दिसत नाहीत, खर्चात दिसत नाहीत. मग खोटी माहिती देणारी म्हणून या सत्तरीच्या बाई उभ्या. खोटं विवरणपत्र किंवा खोटी माहिती द्यायला मदत करणाऱ्यालाही १९६१ च्या आयकर कायद्यात २७८ कलमाखाली तुरुंगवासाची तरतूद आहे. म्हणजे शेजारी मी. हे मी माझ्या मनाशी म्हटलं, त्यांना एवढंच म्हणाले, ‘काकू, मी असं लिहून देणार नाही.’

‘मग मी दुसऱ्याकडून लिहून घेते,’ म्हणाल्या. रागाने नाही, अगदी शांतपणे. पिशवी उचलली आणि गेल्या. संध्याकाळपर्यंत मला कामच सुचलं नाही.

दोन दिवसांनी मुलगा आला. एकटा. आईने त्याला काय सांगितलं, मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. तोपर्यंत त्याला स्वतःला नोटीस आलेली नव्हती, त्यामुळे एक दार उघडं होतं. २०२२ पासून अद्ययावत विवरणपत्र भरून चूक दुरुस्त करता येते, आणि २०२५ पासून त्याची मुदत चार वर्षांपर्यंत वाढली. मात्र जितका उशीर तितका जास्तीचा कर. पहिल्या वर्षी पंचवीस टक्के, मग पन्नास, साठ, सत्तर. कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. त्याला दरवर्षी वाचला होता साधारण ६२,४०० रुपये कर. तीन वर्षांचा १,८७,२००. आता व्याज आणि जास्तीचा कर धरून भरायचे झाले सुमारे साडेतीन लाख. खात्याने पकडून ‘चुकीची माहिती’ म्हणून दोनशे टक्के दंड लावला असता तर साडेपाच लाखांच्या वर.

त्याने खिडकीबाहेर बघत विचारलं, ‘आणि मी खरंच भाडं दिलं असतं तर?’

‘तर एक रुपयाही नाही.’

त्याने कारचं कर्ज फेडायला ठेवलेली एफडी मोडली. तिन्ही वर्षांची रिटर्न्स मी सुधारून भरली. काकूंच्या पत्राला खरं उत्तर दिलं: भाडं मिळालेलं नाही, पावत्या मी दिलेल्या नाहीत. ते उत्तर लिहिताना ‘मी दिलेल्या नाहीत’ या तीन शब्दांसाठी त्या अर्धा तास अडून बसल्या होत्या. ‘त्याच्याविरुद्ध जातं का हो हे?’ असं चारदा विचारलं. जातं, मी म्हटलं, पण त्याने आधीच कबूल केलंय. तेव्हा कुठे हो म्हणाल्या.

यातलं पुष्कळसं आता इतिहासजमा होईल. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते, तिच्यात घरभाड्याची सूट नाही, ८०सी नाही. पगारदारांना २०२५-२६ पासून तिच्यात पावणेतेरा लाखांपर्यंत वजावटी धरून कर नाही. माझ्याकडच्या निम्म्या खोट्या पावत्या त्यानेच मेल्या. १९६१ च्या कायद्याची जागा घेणारा २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ ही तारीख घेऊन आला. ‘ॲडजस्ट’ मात्र नवी वाट शोधतंच. आता लोक शेअरमधला नफा विसरतात, यूट्यूबचे पैसे विसरतात, गावच्या सातबाऱ्यावर अचानक डाळिंबं पिकवतात. परवाच एकाने विचारलं, दोन एकरांत वीस लाखांचं उत्पन्न दाखवता येईल का. मी म्हटलं, येत असेल तर मलाही तो वाण द्या.

काकू मात्र आता दर जुलैला माझ्याकडे येतात. मोबाइल त्यांचा स्वतःचा, ईमेल नातीने काढून दिलेला. मुलगा हल्ली दर महिन्याच्या एक तारखेला त्यांच्या खात्यात दहा हजार टाकतो. तो नव्या करप्रणालीत गेलाय, त्याला त्यावर कसलीच सूट मिळत नाही. मी काकूंना म्हटलं, ‘याला भाडं म्हणायची गरजच नाही. मुलाने आईला सहज दिलेल्या पैशांवर कर नसतो. भाडं म्हटलंत तर उगीच रिटर्नमध्ये दाखवावं लागेल.’

‘मग दाखवा की,’ काकू म्हणाल्या. ‘भाडंच म्हणू दे त्याला. घर माझं आहे ना?’

मी रकाना भरला. ओटीपी आला. त्यांनी चष्मा पुसला, आकडे मोठ्याने वाचले आणि एकेक करून स्वतः दाबले.